ग्रामनामांचें सोंवळें

परदेशांतील गांवें, नद्या व प्रांत यांचीं नांवें मराठींत कशीं लिहावीं, हा प्रश्न वरवर पाहणारास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याला मराठींत चार ओळी लिहावयाच्या आहेत त्याला तो टाळतां येत नाहीं. इंग्रजींत लिहिणारा गृहस्थ अमेरिकेंतील एखाद्या राज्याच्या नांवाचीं आठ अक्षरें जशींच्या तशीं उतरून मोकळा होतो. तीं वाचावयाचीं कशीं हें त्याला सांगावें लागत नाहीं. आपली देवनागरी लिपि ही सवलत देत नाहीं. तींत अक्षर लिहिलें कीं उच्चारही लिहिला गेला. म्हणून 'इलिनॉय' लिहावयाचें कीं 'इलिनॉइस', 'आर्कन्सॉ' कीं 'अर्कान्सास', 'डि मॉइन' कीं 'डेस मॉइनेस', याचा निकाल मराठी लेखकास प्रत्येक वेळीं स्वतःच लावावा लागतो. आणि तो बहुधा चुकीचा लागतो.

वरील तिन्ही नांवें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत फ्रेंच भाषेनें मागें ठेविलेलीं आहेत, आणि घोटाळा मुख्यतः अशाच नांवांचा होतो. त्यांच्याविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आढळतात. पहिल्यास आम्ही अक्षरपक्ष म्हणतों. इंग्रजी वर्तमानपत्रांत जीं अक्षरें दिसतील तीं सर्व देवनागरींत उतरविलींच पाहिजेत, एकही वायां जातां कामा नये, अशी या पक्षाची काटकसर असते. दुसरा पक्ष पांडित्याचा. थोडेंबहुत फ्रेंच ज्याच्या कानांवरून गेलें आहे असा हा वाचक 'डेट्रॉइट' हें रूप पाहून दुःखी होतो. खरा शब्द 'देत्र्वा' असून अमेरिकनांनीं त्याचा अपभ्रंश केला, 'सेंट लुइस' नव्हे तर 'सें लुई' म्हणावें, असें तो सांगतो. शिवाय अमेरिकेच्या नकाशावरील ही फ्रेंच नांवें म्हणजे एका थोर संस्कृतीचा ठसा होय, व तो अडाणी जिभांनीं पुसट केला, अशी हळहळही तो व्यक्त करतो.

हे दोन पक्ष परस्परविरोधी दिसले तरी एका मुद्द्यावर त्यांचें ऐकमत्य आहे. ज्या लोकांचें तें गांव, त्यांची जीभ दोघांच्याही हिशेबीं नाहीं. एकाचा प्रमाणग्रंथ इंग्रजी छापखाना, दुसऱ्याचा फ्रेंच कोश. आमचें म्हणणें या दोहोंच्या विरुद्ध आहे. गांवाचें नांव तेथें राहणारे लोक जसें उच्चारतात तेंच खरें; बाकीचें सर्व इतिहासाच्या टिपणांत घालावें, लोकांच्या तोंडांत कोंबूं नये.

प्रथम त्या 'थोर संस्कृतीच्या ठशा'चा विचार करूं. फ्रेंच दरबारानें अमेरिकेंत नांवें ठेवण्याचा उद्योग केला होता हें खरें. ला साल या धाडसी प्रवाशानें १६८२ सालीं मिसिसिपी नदीच्या मुखाशीं उभें राहून तें सर्व खोरें चवदाव्या लुईच्या नांवें घोषित केलें, तेव्हां त्या महानदीस राजाच्या प्रधानाच्या नांवावरून कोलबेर नदी असें म्हटलें जात होतें. त्याच काळच्या नकाशांवर पांच महासरोवरांचींही बारशीं उरकलेलीं दिसतात. ऑन्टारिओ सरोवरास गव्हर्नर फ्राँतनाकचें नांव. ईरीस कोंती, ह्यूरनास ऑर्लेआँ आणि सुपीरियरास कोंदे या राजपुरुषांचीं नांवें. मिशिगनास तर खुद्द युवराजाची पदवी. आज यांपैकीं एकही नांव त्या सरोवरांस उरलेलें नाहीं. कोलबेर विसरला गेला आणि नदी मिसिसिपीच राहिली. ऑजिब्वे लोकांच्या भाषेंत त्या शब्दाचा अर्थ नुसता 'मोठी नदी' एवढाच.

मग टिकलें काय? टिकलीं तीं नावाड्यांचीं, लोंकर-कातड्याच्या व्यापाऱ्यांचीं आणि पायीं हिंडणाऱ्या पाद्र्यांचीं नांवें. दोन सरोवरांना जोडणाऱ्या अरुंद जलमार्गास फ्रेंचांत 'देत्र्वा' म्हणतात. कादियाकनें १७०१ सालीं तेथें किल्ला बांधला आणि पुढें गांवालाही तेंच नांव राहिलें. विस्कॉन्सिनांतील 'फाँ दु लाक' म्हणजे सरोवराचें टोंक. 'ओ क्लेर' म्हणजे स्वच्छ पाणी. इंडियानांतील 'तेर ओत' म्हणजे उंच जमीन. १६९९ सालीं इबरव्हील नदीनें वर जात असतां दोन जमातींच्या शिकारीच्या हद्दीवर रोंवलेला एक तांबडा खांब त्याला दिसला, म्हणून 'बातों रूज', म्हणजे लाल काठी. आज ती लुइझियानाची राजधानी बॅटन रूज आहे. एका नदींतून दुसरींत जातांना मधल्या जमिनीवरून होडी व सामान खांद्यावर वाहून न्यावें लागे. त्या वाटेस 'पोर्ताज' म्हणत, आणि विस्कॉन्सिनांत अशा वाटेवर वसलेल्या गांवाचें नांवच पोर्टेज आहे. हीं नांवें दरबारी नव्हेत. तीं कामाचीं आहेत. कोठें उतरावें, कोठें ओझें उचलावें, कोठें पाणी पिण्याजोगें आहे, हें मागून येणाऱ्यास सांगण्यासाठीं तीं ठेविलीं गेलीं. तेव्हां हा जर ठसा असेल तर तो व्हर्सायच्या प्रासादाचा नसून वल्हें मारणाऱ्या हातांचा आहे. आणि या हातांच्या धन्यांनीं स्वतःच्या उच्चाराचें सोंवळें कधीं पाळलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

लुइझियाना आणि न्यू ऑर्लिन्स हीं नांवें राजा व राजप्रतिनिधि यांच्यावरूनच पडलीं व तीं टिकलीं, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे. परंतु तेथें राजसत्तेनें नांवाबरोबर शहर वसविलें, कचेऱ्या घातल्या, माणसें आणलीं. ऑर्लेआँच्या ड्यूकाचें नांव १७१८ पासून टिकलें तें तेथें राहणाऱ्यांनीं रोज घेतलें म्हणून, नकाशावर छापलें म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट अशी कीं, ज्यांना आपण फ्रेंच नांवें म्हणतों त्यांतील कित्येक फ्रेंचांनीं ठेविलेलींच नाहींत. १७६३ च्या पॅरिसच्या तहानंतर उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर फ्रान्सचें राज्य उरलें नाहीं. पश्चिमेचा जो प्रदेश १८०० सालीं स्पेनकडून परत मिळाला तो नेपोलियननें १८०३ मध्यें दीड कोटी डॉलरांस विकून टाकला. पण फ्रेंच नांवांचा एक मोठा पूर त्या दरम्यानच आला, आणि तो आणला इंग्रजी बोलणाऱ्यांनीं. स्वातंत्र्ययुद्धांत फ्रान्सनें साहाय्य केलें, त्याची ही उतराई होती. सोळाव्या लुईच्या नांवें १७८० मध्यें केंटकींतील लुइव्हिल झालें. नॅशबरो या अस्सल इंग्रजी नांवाचें शेपूट कापून १७८४ सालीं फ्रेंच 'व्हिल' जोडलें गेलें आणि नॅशव्हिल झालें. केंटकींतल्या होपवेल या गांवानें १७९० मध्यें पॅरिस हें नांव धारण केलें. व्हर्मांट हें तर याहून मौजेचें उदाहरण आहे. १७७७ सालीं 'हिरवा पर्वत' या अर्थीं इंग्रजी भाषिकांनींच हा शब्द जुळविला, आणि जुळवितांना विशेषण अशा ठिकाणीं ठेविलें कीं कोणी फ्रेंच मनुष्य तें तेथें ठेवणार नाहीं. आतां पांडित्यपक्षानें सांगावें कीं या नांवाचें शुद्ध रूप कोणतें? जें मुळांतच अशुद्ध जन्मलें त्याला शुद्ध करावयाचें म्हणजे त्याला मारावयाचेंच.

याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे. जीं नांवें खरोखर फ्रेंचांच्या लेखणींतून उतरलीं त्यांच्या तळाशीं खणून पाहिलें तर बहुतेक ठिकाणीं तद्देशीय जमातींचा शब्द लागतो. इलिनॉयचेंच पाहा. त्या लोकांच्या भाषेंत 'सरळ रीतीनें बोलतो' अशा अर्थाचें एक क्रियापद होतें. तें शेजारच्या ऑजिब्वे लोकांनीं उचललें, त्यांच्याकडून तें 'इलिनवे' अशा रूपानें फ्रेंचांनीं ऐकलें. त्या काळच्या फ्रेंचांत ओ, आय, एस या तीन अक्षरांच्या जोडीचा उच्चार 'वे' असा होत असे, म्हणून त्यांनीं तो शब्द तशा अक्षरांनीं लिहिला. म्हणजे ज्या शेवटच्या 'स' साठीं आमचा अक्षरपक्ष एवढा हट्ट धरतो, तो कोणत्याच काळीं, कोणाच्याच तोंडांत नव्हता. मूळ लोकांनीं तो म्हटला नाहीं, फ्रेंचांनीं म्हटला नाहीं, आज तेथें राहणारे म्हणत नाहींत. तो केवळ आमच्या मराठी छापखान्यांत ऐकूं येतो.

विस्कॉन्सिनची कथा याहून गमतीची आहे. १६७३ सालीं मार्केत या पाद्र्यानें त्या नदीचें नांव 'मेस्कोन्सिंग' असें टिपलें. पुढें कोणीतरी हस्ताक्षरांतील आरंभींच्या 'म' चा 'व' वाचला. त्या चुकीच्या वाचनावरून 'विस्कोन्सिन' असें रूप फ्रेंच अक्षरांत रूढ झालें आणि इंग्रजींनीं तें आपल्या अक्षरांत बसविलें. आर्कन्सॉ हें क्वापॉ लोकांना त्यांच्या शेजाऱ्यांनीं दिलेलें नांव. त्याला फ्रेंचांनीं अनेकवचनाचा मुका 'स' लावला. त्याच शब्दाच्या पहिल्या तुकड्यास 'कडे' या अर्थाचा फ्रेंच प्रत्यय लागून 'ओझार्क' हें पर्वतांचें नांव निघालें. दक्षिणेंतील संथ वाहणाऱ्या ओढ्यांस 'बायू' म्हणतात. हा शब्द फ्रेंच म्हणून मिरवतो, पण तो चॉक्टॉ लोकांच्या 'बायुक' चा आहे.

आणि शिकागो! हें नांव मराठी वाचकाच्या परिचयाचें. विवेकानंदांचें १८९३ चें व्याख्यान ज्यानें वाचलें नसेल त्यानेंही तें ऐकलेलें असतें. तेथें उगवणाऱ्या एका रानटी लसणासारख्या वनस्पतीस मायामी-इलिनॉय भाषेंत 'शिकाक्वा' म्हणत. फ्रेंच लोक 'श' हा उच्चार सी आणि एच या अक्षरांनीं दाखवितात. तीं अक्षरें इंग्रजींत तशींच राहिलीं, पण उच्चार 'च' झाला नाहीं, 'श' च राहिला. मिशिगनाचाही 'श' असाच. आतां पाहा, अक्षरपक्षाचा कट्टर अनुयायीसुद्धां मराठींत 'चिकागो' लिहीत नाहीं, 'शिकागो'च लिहितो. म्हणजे जेथें कान जागा असतो तेथें आपण बरोबर लिहितों, आणि जेथें नुसता डोळा वाचतो तेथें चुकतों. आमची मागणी एवढीच आहे कीं, शिकागोला जो न्याय लाविला तोच इलिनॉयला लावावा. तें शहर त्याच राज्यांत आहे.

कोणी म्हणेल, फ्रेंच शब्दांत शेवटचा 'स' मुका असतो, हा नियम पाठ केला म्हणजे काम भागेल. भागत नाहीं. आयोवाची राजधानी डि मॉइन हिच्यांतील दोन्ही 'स' मुके. परंतु इलिनॉयमधील डेस प्लेन्स या गांवांत दोन्ही 'स' स्पष्ट उच्चारले जातात. मिसूरीकांठच्या राज्यांत सेंट लुइसचे नागरिक राजा लुईच्या नांवांतील 'स' म्हणतात. लुइव्हिलचे नागरिक तो तर गिळतातच, पण पुढचीं अक्षरेंही अर्धीं गिळून 'लूव्हल' असें कांहींसें म्हणतात. केंटकींतील व्हर्सायचा उच्चार 'व्हर्सेल्स' आहे आणि मेन राज्यांतील कॅलेचा 'कॅलस'. आर्कन्सॉच्या बाबतींत तर हा वाद कायदेमंडळापर्यंत गेला. तेथील विधिमंडळानें १८८१ सालीं ठराव करून सांगितलें कीं नांवाचे अवयव तीन, आणि शेवटचा 'स' मुका. एवढें होऊनही शेजारच्या कॅन्झस राज्यांतील लोक, त्याच नांवाची नदी त्यांच्या हद्दींतून वाहूं लागली कीं, तिला 'आर्कॅन्झस' म्हणतात. हें पाहून पंडित हंसेल. आम्ही हंसत नाहीं. एका नदीला दोन कांठचे लोक दोन प्रकारें हांक मारतात यांत अशुद्ध तें काय? दोघेही आपापल्या नदीला ओळखतात.

अपभ्रंश या शब्दाचीच आम्हांस चीड आहे. कोलोरॅडोंत एका नदीला, तेथें आत्मे हरवल्याच्या दंतकथेवरून, स्पॅनिश लोकांनीं पापक्षालनाच्या लोकाचें नांव दिलें. फ्रेंच शिकाऱ्यांनीं त्याचें भाषांतर 'पुर्गात्वार' असें केलें. मागून आलेल्या इंग्रजी गुराख्यांनीं त्याचें 'पिकेटवायर' केलें, म्हणजे खुंटा आणि तार. तीन भाषा, तीन धंदे, आणि एकच नदी. हा भ्रंश नव्हे, हें पचन होय. वरच्या बाजूस असलेलें सरोवर एवढ्याच अर्थानें फ्रेंचांनीं 'सुपेरिअर' म्हटलें. इंग्रजी कानानें त्यांत 'श्रेष्ठ' हा अर्थ ऐकला आणि सरोवर खरोखरच सर्वांत मोठें असल्यामुळें तो शोभलाही. आपण मराठी लोकांनीं पोर्तुगीजांपासून पगार, चावी, पाव, बटाटा हे शब्द घेतले; ते लिस्बनच्या उच्चारांत कोणी बोलूं लागला तर आपण त्याची काय संभावना करूं? पोर्तुगीजांनीं वसईचें बासाइं केलें, इंग्रजांनीं बॅसीन केलें. वसईकरानें वसईच म्हटलें, आणि शेवटीं वसईच राहिली.

फ्रेंच संस्कृतीविषयीं ज्यांना कळवळा आहे त्यांनीं तो नांवाच्या उच्चारावर खर्च करूं नये. त्याला अधिक योग्य जागा आहे. लुइझियानांत फ्रेंच बोलणारे लोक पिढ्यान्पिढ्या राहत आले. १९२१ च्या राज्यघटनेनें सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजींतूनच व्हावें असें ठरविलें, आणि घरची भाषा तोंडांतून निघाली म्हणून मुलांना शाळेंत शिक्षा होऊं लागल्या. भाषा वाढविण्यासाठीं राज्यानें मंडळ स्थापिलें तें १९६८ सालीं, जेव्हां मधली एक पिढी आपल्या मुलांशीं फ्रेंच बोलावयाची थांबली होती. या सर्व काळांत गांवांच्या पाट्या मात्र फ्रेंचच होत्या, आणि प्रवाशांना त्या फार मोहक वाटत. पाटी राहिली आणि बोलणारा गेला, तर त्या पाटीला ठसा म्हणावें कीं थडग्यावरचा दगड? भाषेचें जीवित तिच्या नांवांच्या शुद्धतेवर नसतें. तें आजीनें नातवाशीं ती बोलण्यावर असतें.

आतां आमच्या मतावरील खरा आक्षेप पाहूं. राहणाऱ्यांची जीभ प्रमाण असें म्हणतां, तर त्या भूमीवर प्रथम राहणाऱ्यांचें काय? फ्रेंचांनीं केवळ नांवें ऐकून लिहिलीं नाहींत. कित्येक जमातींना टोपणनांवेंही दिलीं. वेंडाट लोकांच्या केशरचनेवरून त्यांना रानडुकराच्या आयाळीची आठवण देणारें 'ह्यूरन' हें नांव चिकटविलें, आणि तें एका महासरोवरास कायम झालें. निमीपू लोकांना 'नाक टोंचलेले' म्हटलें, दुसऱ्या एका जमातीस 'मोठ्या पोटाचे'. डि मॉइनच्या तळाशीं असलेला मोइंगोना हा शब्दही शेजाऱ्यांनीं थट्टेनें सांगितलेली शिवी असावी, असें एका भाषाशास्त्रज्ञाचें मत आहे.

हा आक्षेप आमचें मत खोडीत नाहीं, तें पुरें करतो. गांवाचें नांव गांवकऱ्यांचें, तसें लोकांचें नांव त्या लोकांचें. निमीपू जर सांगत असतील कीं आमचें नांव निमीपू, तर फ्रेंच काय म्हणत आणि इंग्रज काय लिहीत, हें विचारण्याचें कारण नाहीं. तद्देशीय स्त्रियांना अपमानास्पद झालेला एक शब्द अमेरिकन सरकारनें २०२२ सालीं सुमारें साडेसहाशें स्थळांच्या नांवांतून काढून टाकला, तो याच न्यायानें योग्य होता. आणि याच न्यायानें, अलास्कांतील ज्या पर्वतास तेथील लोक देनाली म्हणतात, ज्याचें तें नांव त्या राज्यानें १९७५ सालीं व केंद्र सरकारनें २०१५ सालीं मान्य केलें, त्याला जानेवारी २०२५ मध्यें वरून हुकूम काढून पुन्हां मॅकिन्लेचें नांव देणें आम्हांस अयोग्य वाटतें. ज्यांना अशा हुकुमांचा भरंवसा वाटतो त्यांनीं कोलबेर नदी आज कोठें वाहते याचा शोध करावा.

सारांश, मराठी लेखकांस आमची सूचना अगदीं साधी आहे. इलिनॉय, आर्कन्सॉ, डि मॉइन असें तेथले लोक म्हणतात तसें लिहावें. ज्यांचें रूप मराठींत आधींच कानाजवळचें रुळलें आहे, उदाहरणार्थ डेट्रॉइट, त्यांना हात लावूं नये. एखाद्या नांवाच्या पोटांत फ्रेंच, त्याच्याही पोटांत तद्देशीय शब्द असेल, तर तें वाचकास अवश्य सांगावें; कारण ती माहिती गोड आहे आणि तींत पुष्कळ इतिहास आहे. पण सांगणें निराळें आणि सुधारणें निराळें. नांव हें तेथें राहणाऱ्यांचें असतें. आपण त्या गांवचे पाहुणे. यजमानाला स्वतःचें नांव कसें उच्चारावें हें पाहुण्यानें शिकवावें, अशी चाल आपल्याकडे तरी नाहीं.